माने सिस्टरांचे मिस्टर

माने सिस्टरांना डबल ड्युटी लागली की पाय मिस्टरांचे दुखायचे. "आमची कालही नाईटच होती," लिफ्टमध्ये भेटले की गुडघे चोळत सांगायचे, "आणि वर पहाटे तीन ॲडमिशन. बसायला म्हणून मिळालं नाही हो." नाईट सिस्टरांची, ॲडमिशन सिस्टरांच्या वॉर्डात, बसायला मिळालं नाही तेही सिस्टरांना. मिस्टर तेवढा वेळ हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून असायचे, म्हणजे बसायला त्यांना भरपूर मिळालेलं असायचं. पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. गुडघे ते इतक्या मनापासून चोळायचे की मीच त्यांना फार्मसीतून मलम आणून द्यायचो.

मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो. रियाधमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. मी रत्नागिरीकडचा मुनाफ, ते मिरजेचे माने. मिस्टरांचं पाळण्यातलं नाव काय, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. सिस्टरांचे ते मिस्टर. फिलिपिनो नर्सेस "मिस्टर माने" म्हणायच्या, इजिप्तचे डॉक्टर "मिस्तर" म्हणायचे, आणि गेटवरचा सुदानी गार्ड लांबूनच "या मिस्तर" अशी आरोळी ठोकायचा. हाकेला ओ तेवढ्याच तत्परतेने मिळायची.

ते सिस्टरांच्या इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, आलेले. म्हणजे नोकरी सिस्टरांची, व्हिसा सिस्टरांचा, आणि मिस्टर त्यांच्यासोबत राहणारे. त्यांच्या कार्डावर सरकारने स्वच्छ छापलं होतं की या इसमाला काम करायची परवानगी नाही. अख्ख्या इमारतीत काम करायला बंदी असलेला हा एकटा पुरुष, आणि सदा ड्युटीवर असलेलाही हाच. "सुट्टी कुठली मिळते आम्हाला," म्हणायचे, "स्टाफ शॉर्ट आहे." इंडियात आधी काय करत होता, असं विचारलं तर "होतो असाच एका संस्थेत" म्हणून टायरमधली हवा बघायला वाकायचे.

त्यांची खरी ड्युटी म्हणजे गाडी. त्या काळी इथे बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती. नर्सेसच्या नवऱ्यांची एक टोळीच पार्किंगमध्ये असायची; केरळचे, मनिलाचे, एक आमचे. बाकीचे पत्ते खेळायचे. मिस्टर घर ते हॉस्पिटल हा रस्ता मनातल्या मनात पाठ करायचे. कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठल्या सिग्नलला किती आधी पाय उचलला की ब्रेक लावावाच लागत नाही. कारण नाईट करून दमलेल्या सिस्टर गाडीत बसल्या की सीट मागे टाकून झोपायच्या, आणि त्यांची झोप मोडू द्यायची नाही हा मिस्टरांचा एककलमी कार्यक्रम. गतिरोधक ते तिरका घ्यायचे, आधी एक चाक, मग दुसरं. हॉर्न त्यांनी आयुष्यात वाजवला असेल असं मला वाटत नाही. मागून सौदी पोरं लाइट मारून मारून थकायची आणि शेवटी हात नाचवत निघून जायची. मिस्टर त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे.

एकदा मला ते घरी सोडत होते. पुढे सिस्टर झोपलेल्या. मी मागच्या सीटवर शिंकलो. मिस्टरांनी आरशातून माझ्याकडे असं बघितलं की पुढची शिंक मी घरी जाऊन दिली.

मग बायकांना लायसन्स मिळायला लागली. पार्किंगमधली टोळी हळूहळू पांगली. मिस्टर आठवडाभर जिन्यात उतरल्या चेहऱ्याने दिसले. "आता आमची गरज नाही," म्हणाले, आणि या वेळी 'आमची' म्हणजे फक्त त्यांची होती. पण सिस्टरांनी लायसन्स काढलं नाही. तीन-तीन व्हेंटिलेटर एका वेळी सांभाळणारी बाई सगळ्यांना सांगत सुटली की मला नाही बाई जमणार ते स्टिअरिंग. मिस्टरांच्या चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला आणि गुडघे पूर्ववत दुखायला लागले.

सिस्टर रिटायर झाल्या तेव्हा वॉर्डात केक कापला. सिस्टर दोन वाक्यं बोलून बसल्या. मग मिस्टर उठले. "आम्ही जेव्हा या आयसीयूत आलो," त्यांनी सुरुवात केली, "तेव्हा इथे धड मॉनिटरसुद्धा नव्हते..." भाषण अर्धा तास चाललं. हेड नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. आयसीयूच्या दाराच्या आत मिस्टरांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

नोकरी संपली म्हणजे इकामा संपला. फायनल एक्झिट लागला की थोड्याच दिवसांत बोजा बांधून देश सोडायचा, ही इथली रीत. लोक या दिवसांत कार्टन बांधतात, सोनं घेतात, फ्रीज विकायची जाहिरात इमारतीच्या ग्रुपवर टाकतात. मिस्टर अल सुलैला गेले आणि एक ट्रेलर घेऊन आले.

अल सुलै म्हणजे रियाधच्या कडेचा गोदामांचा आणि भंगारयार्डांचा भाग. तिथे मिळणार नाही अशी वस्तू नाही आणि मिळालेली वस्तू घरी नेण्यासारखी असेलच असंही नाही. हा ट्रेलर पूर्वी मेंढ्या वाहायचा. सिस्टरांनी तो डेटॉलने तीनदा धुतला, तरी मेंढ्या त्यात कुठेतरी शिल्लक होत्याच. मिस्टरांनी वर ताडपत्रीचं छत केलं, आत दोन खाटा, गॅस, पाण्याचे कॅन. मागच्या फळीवर अरबीत काहीतरी झोकदार अक्षरात रंगवलेलं होतं. "काय सुंदर अक्षर आहे," मिस्टर म्हणाले, "राहू द्या. काहीतरी शुभच असेल." मला अरबी वाचता येतं. फळीवर लिहिलं होतं की उत्तम जातीच्या मेंढ्या विकणे आहे. मी काही बोललो नाही. लांबच्या प्रवासात थोडी करमणूक असावी.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"सिस्टरांना वाळवंट दाखवायचंय," मिस्टर म्हणाले. "इतकी वर्षं वाळवंटात राहिलो मुनाफभाई, आणि आम्ही बघितलं काय? घर, हॉस्पिटल, हॉस्पिटल, घर. मिरजेत गेल्यावर कुणी विचारलं, कसं असतं हो वाळवंट, तर काय पार्किंगचं वर्णन करायचं?"

आणि मग ते अडखळत मुद्द्यावर आले. ट्रेलर जोडलेली गाडी पुढे छान जाते. मागे घेताना मात्र स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि हे त्यांना काही केल्या साधत नव्हतं. इमारतीच्या आवारात सराव करताना त्यांनी एक कुंडी आणि हारिसच्या सायकलचं मागचं चाक मोडलं होतं. तेव्हा मागे बघायला एक माणूस हवा. माझी बायको रुक्साना मुलांना घेऊन बहिणीच्या लग्नाला गावी गेली होती. मी मोकळा होतो. शिवाय सायकल माझ्याच मुलाची होती, म्हणजे अनुभवी माणूस मीच.

बेत असा होता: रियाधहून पूर्वेला निघायचं, दहनाचा लाल वाळूचा पट्टा ओलांडायचा, अल अहसाच्या खजुरीच्या बागा बघायच्या आणि दक्षिणेकडून हरद, अल खर्ज करत परत यायचं. परत आल्यावर ट्रेलर अल सुलैला द्यायचा, दुसऱ्या दिवशी गाडीही एका पठाणाला द्यायची होती, आणि त्या आठवड्यात विमान.

निघालो. शहराची शेवटची कमान मागे पडली आणि सिस्टरांची मान खिडकीकडे कलली. डोळे मिटले.

झालं! वर्षानुवर्षांची सवय. गाडी सुरू झाली की झोप. आणि मिस्टरांची सवय त्याहून पक्की. त्यांनी एसीची जाळी हळूच वर केली, वेग कमी केला आणि वाळवंट सुरू झालं. दोन्ही बाजूंना लाल, अगदी कुंकवाच्या जवळ जाणाऱ्या रंगाची वाळू. वाऱ्याने तिच्यावर बारीक घड्या घातलेल्या. मी रत्नागिरीचा माणूस, मला समुद्राशिवाय कशाचं कौतुक नाही, पण मीही सीटवर पुढे सरकलो.

"अहो, उठवा ना त्यांना," मी म्हणालो.

"श्श! आत्ताच डोळा लागलाय."

"पण त्यांनाच दाखवायला आलोय ना आपण?"

"पुढे पुष्कळ आहे," मिस्टर कुजबुजले. "झोपू दे. दमलीये."

आता रिटायर झालेली बाई, आदल्या रात्री दहा तास झोपलेली, कशाने दमली असेल? पण पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. उंटांचा एक मोठा कळप रस्त्याकडेने गेला, काळे उंट, त्यांची लटपटत चालणारी पिल्लं. मिस्टरांनी गाडी इतकी सावकाश नेली की उंटांनाच घाई झाल्यासारखं वाटलं. सिस्टर झोपलेल्या. अहसाच्या वाटेवर वाऱ्याने कोरलेले उंचच उंच खडक गेले. सिस्टर झोपलेल्या. गाडी थांबली की त्या दचकून उठायच्या, केसांवरून हात फिरवायच्या आणि "आलं का?" म्हणून बघायच्या, तर समोर पेट्रोल पंप.

कारण थांबायचंही फक्त पंपावर. जिथे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल, गाडी मागे घ्यायची पाळी येणार नाही, अशीच जागा मिस्टर निवडायचे. वाळूत आत जाऊन मुक्काम करायचा हे त्यांचं स्वप्न, पण आत गेलो आणि मागे यावं लागलं तर? म्हणून आमचा ट्रेलर दोन्ही रात्री ट्रकवाल्यांच्या थांब्यामागेच लागला. एकदा तेवढं करूनही फसलोच. एका पंपावर समोर टँकर आडवा आला. शेवटी ट्रेलर सोडवून दोन येमेनी, एक बंगाली आणि चार पाकिस्तानी ड्रायव्हरांनी "यल्ला, यल्ला" करत हाताने ढकलला. मी मागे बघत होतो. माझं काम मी चोख केलं.

आणि प्रत्येक थांब्यावर गिऱ्हाईक. पिकअपमधून कुणीतरी बदू, वाळवंटात कळप राखणारा अरब, उतरायचा, सलाम करायचा आणि ताडपत्री वर करून आत डोकवायचा. आत खाटेवर उशा. मग तो मेंढ्यांचा भाव विचारायचा. मिस्टर हसून हात जोडायचे. त्यांना वाटायचं, काय प्रेमळ लोक आहेत, मुद्दाम चौकशीला येतात. शेवटी सिस्टरांनीच फळी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि काय ते समजल्या. त्यांचं अरबी सगळं वॉर्डातलं. त्यात मेंढ्या नाहीत हे सांगता येत होतं, पण राहवायचं नाही. "मेंढ्या खलास," त्या म्हणायच्या, "पण बाबा, तुझे पाय का सुजलेत?" एक म्हातारा मेंढी घ्यायला आला आणि ब्लडप्रेशर मोजून गेला. मिस्टर मला अभिमानाने म्हणाले, "बघितलंत? इथेही आम्हाला सुट्टी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. जेवण अंगावर आलेलं, मी मागे उशीला टेकून डोळे मिटले होते. झोप लागते न लागते तोच एक आवाज ऐकू आला. खालच्या पट्टीतला, पण खणखणीत, ठाम. मला वाटलं रेडिओ लागला.

"तर मुलांनो, काल आपण कुठे होतो? वाळवंटातलं तापमान. दिवसा इतकं ऊन, मग रात्री थंडी का? कोण सांगेल? देसाई? नाही. कांबळे? शिंदे, खिडकीबाहेर काय आहे? फळ्याकडे बघ."

मी एक डोळा किलकिला केला. मिस्टर ताठ बसले होते. असं ताठ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. प्रश्न विचारला की ते थांबायचे, वर्गावर नजर फिरवावी तशी रस्त्यावर फिरवायचे, आणि हात वर यायला लागतो तेवढा वेळ गेला की स्वतःच उत्तर द्यायचे. "वाळू लवकर तापते आणि लवकर निवते. आकाशात ढग नाहीत, म्हणजे उष्णता अडवायला कुणी नाही. लिहून घ्या." सावकाश, मुलं लिहून घेतील इतक्या सावकाश. मग पुढचा मुद्दा. इतकं सोपं, इतकं रसाळ शिकवत होते की मी, जन्मात भूगोलात कसाबसा पास झालेला, झोपेचं सोंग करून ऐकत राहिलो. आणि शेवटी म्हणाले, "बाकीचं उद्या. आणि गडबड करू नका. मी रजेवर आहे फक्त. आलो की परीक्षा घेणार आहे."

त्यानंतर त्यांचे खांदे नेहमीसारखे खाली आले आणि ते पुन्हा मिस्टर झाले.

संध्याकाळी थांब्यामागे आम्ही चटई टाकली. मिस्टर टायर बघायला गेले. सिस्टर गॅसवर पिठलं ढवळत होत्या.

"ऐकलंस न्हवं दुपारी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी चपापलो. "तुम्ही जाग्या होता?"

"मी कवाच झोपत नाही गाडीत, मुनाफ." त्यांनी गॅस बारीक केला. "सुरवातीची दोन-तीन वर्षं झोपायचे खरी. मग एकदा नाईटला एक लेकरू गेलं बघ आमच्या हातात. झोप कुठली? पण यांनी काही विचारू नये म्हणून डोळे मिटून पडले. आणि हे सुरू झाले. तर मुलांनो, म्हणून. आधी मला हसूच आलं. मग रडू आलं, पण रडता येईना, कारण मी झोपलेली."

"म्हणजे सर शिक्षक होते?" माझ्या तोंडून पहिल्यांदाच 'सर' गेलं.

"हायस्कूलला भूगोल. हेडमास्तर झाले असते. दोन वर्षांची बिनपगारी रजा काढून आले ते. मीच म्हटलेलं, दोन वर्षं बघू. मग घर बांधायचं निघालं, मग पोराचं शिक्षण. शाळा किती दिवस वाट बघणार? घेतला त्यांनी दुसरा माणूस. त्याच्यावर हा माणूस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, आजपर्यंत. घरात काय, तर मीठ कमी आहे आणि ड्युटी कितीची आहे. सगळं बोलतात ते गाडीत, मी झोपल्यावर, त्या पोरांशी."

मी कांदा फोडला.

"परवा गाडी जाणार," सिस्टर म्हणाल्या. "मिरजेत घरातनं निघालं की पाच मिनिटांत मंडई. तिथं कुठला वर्ग भरतोय? इतकी वर्षं मी ऐकलंय, सगळं ऐकलंय, हे त्यांना सांगायचंय मला. चुकलं माझं, हे पण सांगायचंय. इथं नाही सांगितलं तर तिथं मला तोंड नाही फुटायचं. पण सांगितलं, की तो वर्ग बंद. उरलेत ते दोन तास पण जायचे. तू सांग बाबा, काय करू?"

मी म्हणालो, बघा विचार करून. दुसरा कुणी असता तर काहीतरी शहाणपणाचं बोलला असता. मिस्टर टायर बघून आले आणि म्हणाले, मीठ जरा कमी आहे.

शेवटच्या दिवशी हरदहून परत फिरलो. पुन्हा वाळू लागली. सिस्टरांनी मान कलती केली, डोळे मिटले. मीही मिटले, आता आपलंही ते काम असल्यासारखे. बराच वेळ गाडीचा आवाज तेवढा येत राहिला. मग खांदे सरळ झाल्याची चाहूल लागली.

"तर मुलांनो. आज पुन्हा बारखाण." मिस्टरांनी डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटाने एक चंद्रकोर काढली. "वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूची टेकडी. एका बाजूला उतार मंद, दुसऱ्या बाजूला तीव्र. आणि हिला ही अशी दोन टोकं असतात, शिंगांसारखी. आता मला सांगा, ही टोकं कुठल्या दिशेला असतात? देसाई? शिंदे, तू? अरे, मागच्या आठवड्यात शिकवलंय. कुणीच नाही?"

ते थांबले. हात वर यायला लागतो तेवढा वेळ गेला.

"वारा जातो त्या दिशेला," सिस्टर म्हणाल्या.

गाडीला हिसका बसला. मागे ट्रेलर डुलला, भांडी वाजली. मिस्टरांच्या हातून गाडीला बसलेला हिसका मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवला. सिस्टरांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

मिस्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सगळं?"

"सगळं. रजेवर आहे म्हणता ते पण."

मिस्टर समोर बघत राहिले. मग ते इतक्या दुखावलेल्या आवाजात बोलले की मला मागे श्वास घ्यायची चोरी झाली. "मग एकदाही हात का वर केला नाहीस?"

"तुम्ही थांबला असता."

मिस्टरांनी यावर विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "थांबलो असतो," ते म्हणाले.

"दोन वर्षं मीच म्हटलं होतं. चुकलं माझं."

"जाऊ दे."

पण ते गेलेलं नव्हतं. ते आम्हा तिघांच्या मध्ये त्या गाडीत बसलेलं होतं, आणि मला इतकं वाईट वाटलं की उतरून ट्रेलरमध्ये जाऊन बसावं. वाळू मागे पडली. अल खर्जची गवताची शेतं आली आणि गेली. मध्ये एकदा मिस्टरांनी घसा खाकरला आणि "तर..." म्हणाले. आम्ही दोघांनी कान टवकारले. पण पुढे शब्द येईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. डॅशबोर्डवर बोट टेकवलं आणि तसंच उचलून स्टिअरिंगवर परत ठेवलं. वर्गात कुणीतरी मोठं माणूस येऊन बसल्यावर होतं, तसं काहीतरी झालं होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या तेच खरं ठरलं.

शहर जवळ आलं. रस्त्यावर ट्रक वाढले. सिस्टरांनी हळूच विचारलं, "मी परत डोळे मिटू का?"

त्यांचा प्रश्न ऐकून मिस्टरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघितलं. सिस्टर टक्क जाग्या होत्या. चालत्या गाडीत, शेजारच्या सीटवर, त्यांना अशा उघड्या डोळ्यांनी बसलेलं ते बहुधा कित्येक वर्षांनी बघत होते.

"नको," मिस्टर म्हणाले. "नको मिटूस. बघ बाहेर."

सिस्टरांनी सीट सरळ केली आणि बाहेर बघितलं. वाळवंट संपलं होतं. लाल वाळू, उंट, खडक, खजुरी, सगळं केव्हाच मागे पडलं होतं. आम्ही ट्रेलर द्यायला अल सुलैत शिरलो होतो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती आणि गंजलेली फाटकं.

मिस्टरांनी वेग कमी केला.

"हे टायरांचं गोदाम," ते म्हणाले.

"हे?"

"हेही टायरांचंच. आणि ते पिवळं दिसतंय ना, तो क्रेनचा यार्ड."

"केवढी उंच आहे हो क्रेन," सिस्टर म्हणाल्या. त्या काचेला कपाळ लावून बघत होत्या, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मान मागे वळवत होत्या. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. मिस्टरांनी गाडी आणखी हळू केली. मी मागे बसून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होतो, पण त्या दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"आता डावीकडे बघ," मिस्टर म्हणाले. "सिमेंटच्या पाइपांचा केवढा मोठा ढीग आहे."